हजाराला एकतीस : एक लघुग्रह आणि सोलापुरातलं एक घर

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, आणि शाळेत सगळ्यांची मराठी. वडील यंत्रमागावर, आई बिड्या वळते, असं साधारण घर. फेब्रुवारी २०२५ मध्ये या वर्गात आणि त्यातल्या एका मुलीच्या घरात जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती मला उशिरा कळली, आणि विज्ञान समजावून सांगणाऱ्या कुणाच्याही हातून ती सहज होण्यासारखी आहे, म्हणून लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

बातमी

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. दिसला तेव्हा तो पाठमोरा होता. दोनच दिवसांपूर्वी, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून थोडं जास्त. नाव पडलं २०२४ वायआर४. या नावातल्या 'वाय'चा अर्थ मुलांना फार आवडला: वर्षाचे चोवीस पंधरवडे करून प्रत्येकाला एक अक्षर देतात, त्यात 'वाय' म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. 'आर४' म्हणजे त्या पंधरवड्यातला एकशे सतरावा. शुक्ल पक्ष, कृष्ण पक्ष मोजणाऱ्या आपल्या माणसांना ही पद्धत लगेच जवळची वाटते.

त्याची सूर्याभोवतीची फेरी सुमारे चार वर्षांची. म्हणजे २०२८ च्या डिसेंबरात तो परत येणार आणि २०३२ च्या डिसेंबरात पुन्हा. गणित मांडल्यावर २२ डिसेंबर २०३२ या तारखेला पृथ्वीशी टक्कर होण्याची थोडी शक्यता निघाली. जानेवारीच्या शेवटी ती एक टक्क्याच्या वर गेली आणि २९ जानेवारीला आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने जगाला रीतसर कळवलं. धोका मोजण्याची टोरिनो नावाची शून्य ते दहा अशी पट्टी आहे, तिच्यावर हा तीनवर बसला. त्याच्या वर आजवर एकच लघुग्रह गेला होता, २००४ च्या डिसेंबरात अपोफिस, चारवर. त्याची भीतीही पुढे मोजमापांनी संपली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून, पण जाईल.

वायआर४ आदळलाच तर कुठे, याचा एक अरुंद पट्टा शास्त्रज्ञांनी काढला होता: पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. आपल्याकडच्या बातम्यांनी त्यातून मुंबई उचलली. फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओत मुंबईच उरली, आणि 'शक्यता' हा शब्द मधल्या मध्ये गळून गेला.

घर

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या थोरल्या बहिणीला भिवंडीचं स्थळ आलं होतं. सोलापूरच्या पूर्व भागाला भिवंडी परकी नाही. तिथेही माग, तिथेही आपली माणसं, निम्म्या घरांची कुणी ना कुणी सोयरीक तिकडे. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, मुलाकडून पसंती आली होती, फक्त इकडचा होकार राहिला होता. अशात धाकटीने आईच्या फोनवर तो व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवला. आजीने तारीख दोनदा विचारून घेतली. २०३२. म्हणजे तोवर लेकरू पाच-सहा वर्षांचं असेल, असा तिचा हिशोब. "जाणूनबुजून पोरीला तिकडं कशाला द्यायचं?" होकार थांबला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच की ३ फेब्रुवारीला, सोमवारी, वर्गात हा विषय निघाला आणि मी म्हणाले, "घाबरू नका. अजून मोजमापं झाली की हा आकडा कमी होऊन शून्यावर येईल. असंच होतं."

तेव्हा आकडा होता एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान. शुक्रवारी, ७ तारखेला, नासाने तो २.३ केला. शनिवारी सकाळच्या शाळेत मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वाढला की ओ." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढचे काही दिवस नवीन मोजमापंही फारशी येईनात. १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती, आणि पूर्ण चंद्राच्या उजेडात इतका अंधूक ठिपका टिपणं मोठ्या दुर्बिणींनाही अवघड. मग चंद्र उतरला, मोजमापं सुरू झाली आणि १८ तारखेला आकडा आला ३.१. बत्तीसात एक. एवढ्या आकाराच्या कुठल्याही लघुग्रहाबाबत आजवर निघालेली ही सर्वांत मोठी शक्यता. अपोफिसचासुद्धा उच्चांक २.७ होता.

१९ तारखेला शिवजयंती. शाळेत प्रतिमापूजन आटोपलं, मुलं पांगली, आणि ती मुलगी थांबली. तिने मला बहिणीचं सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता कमी होईल."

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

त्याच दुपारी मी तिच्या घरी गेले. बाहेर मिरवणुकीचे ढोल. आत तिची आई भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मी त्यांना अक्का म्हणते. पान बोटांत घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळी करायची, टोक नखाने आत मुडपायचं, दोरा मारायचा. माझ्याशी बोलताना त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत.

मला वाटलं, टक्केवारी यांच्या हिशोबात सांगावी. बिडीची मजुरी हजारावर मिळते. म्हणून म्हणाले, "अक्का, तीन पूर्णांक एक टक्का म्हणजे हजाराला एकतीस. हजार बिड्यांतल्या एकतीस छाट निघाल्या समजा. बाकीच्या नऊशे एकोणसत्तर चांगल्याच की."

अक्कांनी वर बघितलं. "हजाराला एकतीस छाट? ते तर आमच्याकडं रोजचंच आहे, मॅडम. म्हणजे हे होणारच."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बिड्या रोज हजारांनी वळल्या जातात, त्यामुळे हजाराला एकतीसचा अर्थ 'रोज एकतीस' असाच होतो, आणि कारखान्यात त्या नाकारल्या गेल्या की मजुरी कापली जाते हा त्यांचा रोजचा अनुभव. मी धीर द्यायला गेले आणि त्यांच्याच अनुभवाने भीती पक्की करून दिली. लघुग्रह हजार नाहीत, एकच आहे. तारीखही एकच. त्या दिवशी तो एकतर आदळेल नाहीतर निघून जाईल. त्याचा मार्ग गुरुत्वाकर्षणाने कधीच ठरवून टाकला आहे. अनिश्चित आहे ते आपलं मोजमाप. तीन टक्के हे त्या दगडाचं वर्णन नव्हतंच, ते आपल्याला किती दिसलंय याचं वर्णन होतं.

हे मी तोडकंमोडकं सांगितलं. अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बिडी वळून झालीया. तपासणारा अजून बसलाय."

मी इतकी वर्षं शिकवते आहे, यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

सुतळी

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळेत दहावीच्या परीक्षेची आसनव्यवस्था चालू होती, पेपर २१ पासून होते. वर्ग रिकामे करून मागत होते, म्हणून नववीला मी मैदानावर नेलं. बरोबर शंभर फूट सुतळी आणि एक फूटपट्टी.

आधी रेल्वेचं सांगितलं. समजा सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापूरहून निघाली. रूळ कुठून जातात हे आपल्याला पक्कं माहीत आहे. माहीत नाही ते एवढंच की अमुक फाटकावर ती नेमकी किती वाजता येईल. वायआर४ चंही तसंच. त्याचा रूळ बऱ्यापैकी कळला होता, म्हणूनच तर पृथ्वीवरचा पट्टा इतका अरुंद होता. शंका होती ती वेळेची, तो थोडा आधी येतो की थोडा नंतर. आणि या फाटकावरून पृथ्वी सेकंदाला जवळजवळ तीस किलोमीटर वेगाने जात असते. तिचा व्यास १२ हजार ७५६ किलोमीटर. म्हणजे आपल्याच रुंदीइतकं अंतर ती सुमारे सात मिनिटांत कापते. जेमतेम दोन महिने पाहिलेल्या दगडाबद्दल आठ वर्षांनंतरची वेळ मिनिटांच्या हिशोबाने सांगायची आहे. हा सात मिनिटांचा आकडा ऐकून वर्ग चिडीचूप झाला. एकाने घड्याळ बघायला सुरुवात केली.

मग दोन मुलांना सुतळीची दोन टोकं धरून उभं केलं. ही शंभर फूट सुतळी म्हणजे २२ डिसेंबर २०३२ ला दगड कुठेकुठे असू शकतो ती सगळी जागा. सुतळीखाली, एका टोकाच्या जरा जवळ, फूटपट्टी ठेवली. ही पृथ्वी. शक्यता किती? शंभरात एक, सगळे ओरडले. आता एकेक मोजमाप आलं की टोकावरची मुलं एकेक पाऊल आत येणार, कारण शंका कमी होणार. सुतळी पन्नास फुटांवर आली. पट्टी तिथेच, अजून सुतळीखालीच. आता? पन्नासात एक. दोन टक्के. अजून आत. बत्तीस फूट. बत्तीसात एक.

"तीन पूर्णांक एक," मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, हळू आवाजात.

पट्टी जागची हलली नव्हती. दगडही हलला नव्हता. आपलं मोजमाप चांगलं होत गेलं आणि म्हणूनच आकडा वाढत गेला. पुढच्या पावलाला जवळच्या टोकावरचा मुलगा पट्टी ओलांडून आत आला. सुतळी पट्टीवरून निघून गेली. शून्य.

एका मुलीने विचारलं, "आणि पट्टी मध्यभागीच असती तर?" तर सुतळी फूटभर होईपर्यंत आकडा वाढतच गेला असता, शंभर टक्क्यांपर्यंत. दोन्ही गोष्टींची सुरुवात सारखीच दिसते. वाढत्या आकड्याकडे पाहून शेवट ओळखता येत नाही. हे मी त्यांना लपवलं नाही. बत्तीस वेळा असं झालं तर एकदा ती पट्टी खरंच मध्ये सापडेल, बत्तीसात एकचा अर्थ तोच.

मी फोन काढला. सकाळच्या वर्तमानपत्रात ३.१ छापलेलं होतं, नासाच्या पानावर रात्रीतच १.५ झालं होतं. मुलांचा पहिला प्रश्न: एकदम शून्य का नाही? मैदानावर तर झालं. उत्तर आमच्या गल्लीतच होतं. सुतळी सगळीकडे सारखी जाड नसते. ती धोट्यासारखी असते, मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळती. मागावरचा धोटा यांनी लहानपणापासून हातात घेतलेला. दगड मध्यभागी असण्याची शक्यता जास्त, टोकांना कमी. पृथ्वी आता निमुळत्या टोकाखाली आली होती. दुसऱ्या दिवशी ०.२८. सोमवारी, २४ तारखेला, ०.००४ टक्के, म्हणजे लाखात चार. टोरिनो पट्टीवर शून्य.

माझी चूक नेमकी कुठे होती

मी सांगितलेला शेवट खरा ठरला. आकडा खरंच शून्याकडे आला. तरीही ३ फेब्रुवारीचं माझं वाक्य चुकीचं होतं, आणि ते खरं ठरल्याने बरोबर होत नाही. मी मुलांना निकाल सांगितला, रीत सांगितली नाही. 'आधी वाढेल, मग बहुतेक पडेल' असं सांगितलं असतं, तर २.३ आल्यावर तेच माझ्या बाजूचं साक्षीदार झालं असतं. मी फक्त 'पडेल' म्हणाले, म्हणून प्रत्येक वाढ माझ्या विरुद्ध गेली, आणि त्या घरात माझ्या शब्दापेक्षा व्हिडिओचा शब्द मोठा झाला. शास्त्रज्ञ त्या दिवसांत पहिल्यापासून सांगत होते की शक्यता शून्यावर येण्याआधी वाढू शकते. मी ते वाचलं होतं. मुलांना घाबरवायला नको म्हणून अर्धं गाळलं.

दुसरी गोष्ट व्हिडिओबद्दल. तीन टक्के मुंबईचे नव्हतेच. ते अख्ख्या पृथ्वीचे होते. आधी शंभरात तीन अशी टक्कर होण्याची शक्यता, आणि टक्कर झालीच तर त्या पट्ट्यातल्या हजारो किलोमीटरमध्ये कुठेतरी, ज्यात बराचसा समुद्र. मुंबईच्या वाट्याला त्यातला किती छोटा तुकडा येतो हे ज्याने सांगायला हवं होतं त्याने सांगितलं नाही. मलाही ते भिवंडीचं कळल्यावरच सुचलं, याची मला खंत आहे.

आजीचा प्रश्न

२५ तारखेला मी पुन्हा गेले. आजीला आकडे नको होते. तिने एकच विचारलं, "आणि आलाच असता तर?"

एप्रिलमध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या मोजमापाने त्याचा आकार सुमारे ६० मीटर ठरला, फेब्रुवारीत मात्र ४० ते ९० मीटर असाच अंदाज होता. वर्गातल्या एका पोराने लोणार होईल का विचारलं होतं. लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बेसॉल्टात फोडलेला, तो याहून फार मोठा प्रकार. एवढा दगड बहुधा हवेतच फुटतो. ३० जून १९०८ ला सायबेरियात तुंगुस्काला असंच झालं, दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. शहरावर फुटला तर शहर उद्ध्वस्त होईल, यात शंका नाही, आणि आजीला मी तसंच सांगितलं. रशियातच चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला जेमतेम वीस मीटरचा दगड फुटला तेव्हा दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक जण खिडक्यांच्या काचांनी, कारण उजेड बघायला ते खिडकीशी गेले आणि धक्का मागाहून आला.

पण हा दगड तारीख सांगून येणारा होता. २०२८ मध्ये तो परत दिसल्यावर जागाही कळली असती. चार वर्षांत माणसं हलवता येतात. वळवण्याचाही प्रयत्न करता आला असता. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग किल्लारीचं काढलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. सोलापुरात तिच्या घरची भांडी मांडणीवरून पडली होती. "ते कुणाला सांगून आलं नव्हतं," ती म्हणाली. "ह्याला आठ वर्षं आधी बघितलं म्हणतेस. कोण बसलंय बघत?"

मी चिलीचं सांगितलं. रात्रभर आकाश टिपणाऱ्या दुर्बिणी, आणि त्यांची मोजमापं जगभर सगळ्यांना खुली. तिने नातीला ते तेलुगूत पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. घरची सगळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली. होकार त्यानंतर कळवला गेला. त्यात सुतळीचा वाटा किती, आकडा पडल्याचा किती आणि मुलाकडच्यांचा पुन्हा फोन आला त्याचा किती, हे मी विचारलं नाही.

वही

ती मुलगी मात्र थांबली नाही. तिने वहीत तारखा आणि आकड्यांचा तक्ता केला होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की सुतळी पृथ्वीवरून सरकली, पण चंद्रावर अजून आहेच. तेव्हा चंद्रावर आदळण्याची शक्यता १.७ टक्के सांगत होते. "मॅडम, ही पण आधी वाढणार ना?" तिने मार्चमध्ये विचारलं. वाढू शकते, म्हणाले, आणि का ते तूच सांग. एप्रिलमध्ये ती ३.८ झाली, जूनमध्ये ४.३. आदळला असता तरी पृथ्वीवर माणसांना त्याचा धोका नव्हता.

२०२५ चा जून संपत आला, ती दहावीत गेली. पृथ्वीवरच्या दुर्बिणींना तो दगड दिसण्याच्या पलीकडे गेला होता, त्या बाजूने पुढची ओळ भरायला तीन वर्षं जायची होती. तेव्हा तिने वही दाखवली. ४.३ च्या खाली एक ओळ कोरी सोडलेली, तिच्यापुढे पट्टीने आखलेला रकाना, आणि डाव्या बाजूला तारखेच्या जागी लिहिलेलं: २०२८, माझं कॉलेजचं पहिलं वर्ष.